काकूंचा सोनचाफा: एका कुंडीबदलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गच्चीवरच्या कुंडीतलं हे सोनचाफ्याचं कलम. वय पाच वर्षं, उंची सहा फुटांच्या आत-बाहेर. कुंडी मातीची, १२ इंची, पोटाला फुगीर आणि तोंडाशी आवळलेली. सकाळपासून दुपारी एकपर्यंत ऊन, नंतर जिन्याच्या खोलीची सावली. झाडाच्या मालकीणबाईंना इथं नुसतं काकू म्हणतो. ओळख पटेल असं बाकी काही ठेवलेलं नाही.

पहिली तीन वर्षं झाड खूश होतं. पावसाळ्यात एकेका दिवशी दहा-बारा फुलं, एरवीही चार-दोन असायचीच. चौथ्या वर्षी फुलं निम्म्यावर आली आणि पाचव्या वर्षी कळ्या धरायच्या नि फुलायच्या आधीच गळायच्या. एप्रिलच्या शेवटी मला फोन आला. "अरे, फुलांचं सोड, पानंसुद्धा धड राहिली नाहीत. एकदा येऊन बघून जा."

गच्चीवरच्या बागा बघणं हे माझं रोजचंच काम, त्यामुळे मी जरा बेफिकिरीनेच गेलो. ती बेफिकिरी पुढे नडली.

एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचे निम्मे निर्णय तिच्यावर ठरले. सोनचाफा हा मॅग्नोलियाच आहे. लिनियसने १७५३ साली त्याला मायकेलिया चंपाका असं नाव दिलं होतं, मिकेली या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून. मॅग्नोलिया हे नाव पिएर मान्योल या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून आलेलं. पुढे मायकेलियांना मॅग्नोलियातच सामावून घेतलं आणि आता सोनचाफ्याचं शास्त्रीय नाव मॅग्नोलिया चंपाका असं लिहितात. आपण ज्याला खुरचाफा म्हणतो त्याचं याच्याशी काही नातं नाही, तो कण्हेरीच्या कुळातला. काकूंनी आदल्याच वर्षी खुरचाफ्याची जाड फांदी तोडून दुसऱ्या कुंडीत खोचली होती आणि ती मजेत फुटली होती. "चाफा काय, कुठंही लावा, जगतो," हा त्यांचा विश्वास तिथून आलेला.

अडचण

बघितल्यावर एक नाही, तीन गोष्टी दिसल्या, आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

पहिली उघड होती. तळाच्या भोकातून बोटाएवढं मूळ बाहेर येऊन गच्चीच्या फरशीवर वीतभर सरकलं होतं. वरून पाणी घातलं की काही सेकंदांत खालून वाहून जायचं. सकाळी भिजवलेली कुंडी संध्याकाळी हातात हलकी लागायची. आत माती कमी आणि मुळंच जास्त झाली होती.

दुसरी पानांत होती. जुनी पानं बरी हिरवी, पण शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, जाळीसारख्या उठून दिसणाऱ्या. हे नत्र कमी पडल्याचं लक्षण नाही. नत्राचा तुटवडा आधी जुन्या पानांवर दिसतो. नव्या पानांवर अशी जाळी दिसली की लोहाचा संशय घ्यायचा. बहुतेकदा मातीत लोह असतं, पण सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आम्ल-अल्कतेचं माप) वाढला की मुळांना ते उचलता येत नाही. कुंडीच्या काठावर पांढरा थर होता. पाणी बोअरचं. मीटर लावला तर मातीचा सामू ८ च्या जवळ. मॅग्नोलियांना साधारण ५.५ ते ६.५ मानवतो.

तिसरी गोष्ट काकूंनी स्वतःच कौतुकाने दाखवली. "ही फांदी बघ कशी जोमात आहे! बाकी झाड रोडावलं, पण ही थांबायचं नाव घेत नाही." मी वाकून बघितलं. फांदी कलमाच्या जोडाच्या चार बोटं खालून निघाली होती. म्हणजे ती खुंटाची, ज्या रोपावर कलम बांधतात त्याची. रोपापासून वाढलेल्या सोनचाफ्याला फुलायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून तर कलम करतात. दोन वर्षं खत-पाण्याचा मोठा वाटा हा फुटवा खात होता आणि काकू त्याला काठीचा आधार देत होत्या.

मी ते सांगितल्यावर काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

समोर असलेले पर्याय

खत घालून बघणं हा सगळ्यात सोपा पर्याय होता, आणि शेजाऱ्यांनी तो सुचवलाही होता. पण मुळांना जागा नसलेल्या कुंडीत, एप्रिलच्या उन्हात खत घालणं म्हणजे क्षार आणखी वाढवणं. तो लगेच बाद झाला.

झाड जमिनीत लावणं हा खरं तर सगळ्यात उत्तम मार्ग. पण जमीन नव्हती.

मुळं छाटून त्याच कुंडीत परत लावणं हा तिसरा पर्याय. जास्वंद, मोगरा, कडीपत्ता यांच्या बाबतीत मी हे डोळे झाकून करतो. मुळं-मातीच्या गोळ्याचा बाहेरचा दोन-तीन बोटं थर उतरवायचा, नवी माती भरायची, वरून फांद्या छाटायच्या. मॅग्नोलियाची मुळं मात्र वेगळी असतात. ती मांसल, दोरखंडासारखी, ठिसूळ असतात. त्यांना बारीक फाटे कमी फुटतात. तुटली की जखम लवकर भरत नाही, आणि ओल्या मातीत तिथूनच सड आत शिरते. म्हणून हाही नको.

राहिला मोठ्या कुंडीचा पर्याय, गोळा शक्यतो न मोडता. इथं काकूंचं आणि माझं वाजलं. त्यांनी आधीच २४ इंची निळा ड्रम आणून ठेवला होता. "एकदाच काय तो त्रास होऊ दे. पुन्हा पुन्हा बदलायला नको." त्यांचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं. पण कुंडीचा आकार सगळ्या बाजूंनी दुप्पट झाला की माती दुप्पट होत नाही, आठपट होते. त्या सगळ्या मातीतलं पाणी शोषायला मुळं नसतात. ती दिवसेंदिवस ओली राहते, आंबते, आणि नवी मुळं तिकडे जायच्या आधीच कुजतात. १२ वरून १६ इंचांवर गेलं तरी माती सव्वादोनपटीपेक्षा जास्त होते. तेवढी पुरे, असं मी म्हटलं. काकूंनी मान्य केलं, पण ड्रमकडे बघत बघत.

काकूंच्या मुलीचंही एक मत होतं. ती परदेशात असते आणि तिच्याकडे टबमध्ये स्टार मॅग्नोलिया आहे, पानझडी, वसंताच्या तोंडाशी पांढऱ्या फुलांनी भरणारा. तिने व्हिडिओ कॉलवर सांगितलं की कुंडी बदलायची ती थंडी सरताना, नवी पालवी सुटायच्या बेतात असताना, आणि छाटणी करायची ती फुलं झाल्या झाल्या. उशीर केला तर पुढच्या वर्षीच्या कळ्या कापल्या जातात. तिच्या झाडासाठी हे अगदी बरोबर आहे. त्याच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच फांद्यांच्या टोकांना धरतात आणि लोकरीच्या टोप्या घालून थंडीभर बसून राहतात. सोनचाफ्याची फुलं मात्र नव्या फुटीवर, पानांच्या बगलेत येतात. त्यामुळे तिच्या छाटणीच्या तारखा इथं लागू नाहीत. कुंडी बदलण्याचं तत्त्व मात्र लागू आहे. मुळं स्वतःहून वाढायला निघायच्या जरा आधी हात लावायचा, म्हणजे जखम वाढीच्या जोरावर भरून निघते. आपल्याकडे सोनचाफ्यासाठी ती वेळ म्हणजे पावसाची सुरुवात.

सहा आठवडे काहीच न करणं

हा निर्णय सगळ्यात अवघड गेला. झाड डोळ्यांसमोर वाळत असताना "जूनपर्यंत थांबू" असं सांगणं म्हणजे टाळाटाळ वाटते. काकूंनी दोनदा फोन करून विचारलं, "मरायची वाट बघायची का?"

अगदीच काही केलं नाही असंही नाही. वर शेडनेट बांधलं. जुनी कुंडी एका मोठ्या रिकाम्या कुंडीत ठेवली आणि मधल्या फटीत पालापाचोळा भरला, म्हणजे कुंडीच्या भिंतीवर थेट ऊन पडायचं थांबलं. दिवसातून दोनदा, पण हळूहळू, थांबत थांबत पाणी. वरच्या मातीवर सुक्या पानांचं दोन बोटं आच्छादन. कळ्या आणि बियांचे घोस दिसतील तसे खुडायचे. खुंटाचा फुटवा मे महिन्यातच, निघाला होता तिथून अगदी बुडाशी कापला. एकाच दिवशी वरही कापायचं आणि खालीही छेडायचं, असं नको होतं.

कुंडी बदलली तो दिवस

जूनचा तिसरा आठवडा, आभाळ भरलेलं, संध्याकाळचे पाच. आदल्या दिवशी भरपूर पाणी दिलेलं होतं.

मिश्रण असं केलं: दोन वाटे लाल माती, एक वाटा चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत, एक वाटा जाड रेती, एक वाटा कोकोपीट. रेती नदीची, चाळून धुतलेली. बांधकामाच्या ढिगातली उचलली असती तर तिच्यात सिमेंट-चुन्याचा अंश आला असता, आणि आपण ज्याच्याशी भांडतो आहोत तेच परत घरात घेतलं असतं. नवी सिमेंटची कुंडी टाळली तीही याच कारणाने. तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर घालायची पद्धत आहे, तोही घातला नाही. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड थराच्या वरच अडून राहतं आणि ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर फक्त एक खापरी, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती.

फुगीर कुंडीतून गोळा अख्खा निघणार नव्हता. "फोडायची?" काकूंनी विचारलं. कुंडी त्यांच्या जुन्या घरची होती. मग त्यांनीच हातोडी दिली.

भिंत गळून पडली आणि कुंडीच्याच आकाराचा गोळा उभा राहिला. वरच्या अर्ध्यात फिकट पिवळसर मुळं, बोरूएवढी जाड. खालच्या अर्ध्यात ती गोल गोल फिरून एकमेकींवर गुंडाळलेली, सुंभाची चुंबळ करावी तशी. तळाशी मूठभर मुळं काळी, बोटांत दाबली की साल हातात यायची.

काळी मुळं स्वच्छ कात्रीने काढली. मग ती चुंबळ थोडी सैल करावी म्हणून मी एक जाड मूळ बोटाने उचललं. बळ फारसं लावलं नव्हतं. ओली काडी मोडावी तसा आवाज आला आणि पेन्सिलीएवढं मूळ मधोमध तुटलं. आतला भाग पांढराफटक, ओलसर. दुसरं उचललं, तेही तुटलं.

इथं थांबून विचार करावा लागला. गोल फिरलेली मुळं तशीच ठेवली तर ती पुढेही गोलच फिरत राहतात, हे खरं. पण सगळी सोडवायला गेलो असतो तर निम्मी तुटली असती. मी तुटलेली दोन टोकं सरळ कापली, आणखी तीन मुळं जिथं वळण सुरू होत होतं तिथं एकेका घावात छेदली, आणि बाकीची तशीच राहू दिली. जमिनीत लावायचं झाड असतं तर कदाचित जास्त धीट झालो असतो.

खोली जुनीच ठेवली. कलमाचा जोड मातीच्या वर चार बोटं. मधली जागा भरताना माती काठीने हलके ढोसली, पायाने दाबली नाही. पाणी दिलं, आणि धुवांधार पावसाचा मारा नको म्हणून कुंडी जिन्याच्या छपराखाली ठेवली. वरून वेगळं खत काहीच नाही.

नववा दिवस

नवव्या दिवशी पानं मान टाकून लोंबली.

माती ओली होती. बोट खुपसलं, दोन पेरं ओली. काकू दिवसातून दोनदा झारी घेऊन उभ्या राहतात हे मला माहीत होतं. मी तिथंच निकाल दिला: पाणी जास्त झालं. "काकू, चार दिवस झारीला हात लावू नका."

चार दिवसांनी शेंडे आणखी वाकले आणि खालची पानं पिवळी होऊन पडायला लागली. एकूण तिसरा हिस्सा पाला गेला. फांदीची साल नखाने खरवडली. तीन फांद्यांवर आत हिरवं दिसलं, चौथी तपकिरी.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. बांबूची पातळ काडी घेतली आणि एकदा कडेच्या नव्या मातीत, एकदा खोडाजवळ जुन्या गोळ्यात खुपसली. कडेची काडी चिखल घेऊन आली. खोडाजवळची काडी अर्ध्यावर अडली, आणि बाहेर आली तेव्हा तिला चिकटली होती कोरडी धूळ.

झालं होतं असं: नवी माती भुसभुशीत, जुना गोळा मुळांनी ठासलेला. पाणी सोप्या वाटेने जातं. काकू घालत होत्या ते सगळं कडेने उतरून खाली जात होतं. झाडाची सगळी मुळं अजून जुन्या गोळ्यातच, आणि तो मध्ये कोरडाठाक. छपराखाली ठेवल्यामुळे पावसाचाही थेंब नाही. आणि त्यावर मी चार दिवस पाणी बंद केलेलं.

बाटलीच्या बुडाला सुईने दोन भोकं पाडली आणि ती खोडालगत, जुन्या गोळ्याच्या डोक्यावर ठेवली. थेंब थेंब, एक लिटर संपायला तासाच्या वर. दिवसातून एकदा, सलग पाच दिवस, मग काडी बघून. कडेच्या मातीला पाणी बंद. कुंडीही छपराखालून काढून रिमझिम लागेल अशा जागी आणली.

पानं उरली होती तीही निम्मी खुडावीत, म्हणजे पाण्याचा खर्च कमी होईल, असा विचार मनात आला होता. खुडली नाहीत. पानं मलूल होती, मेलेली नव्हती, आणि नवी मुळं काढायला लागणारं अन्न तीच करणार होती.

पाणी, सामू आणि लोह

पाचव्या आठवड्यात शेंड्याचा एक डोळा फुगला. मॅग्नोलियाचा कोंब एका टोपीत गुंडाळलेला असतो. ती टोपी सुटून पडते आणि फांदीवर बारीक कड्यासारखा वण ठेवून जाते. काकूंनी ती गळालेली टोपी जपून ठेवली होती मला दाखवायला. "ही कीड तर नाही ना?"

पान उघडलं, पण पिवळंच. म्हणजे जागेची अडचण सुटली तरी सामूची तशीच होती. जुना गोळा पाच वर्षं बोअरच्या पाण्यात मुरलेला.

व्हिनेगर पाण्यात मिसळा, असा सल्ला कुठूनतरी आला होता. त्याने त्या वेळेपुरता सामू उतरतो आणि परत चढतो, शिवाय प्रमाण चुकलं की नुकत्याच फुटलेल्या मुळांना इजा. तो सोडला. गंधक मंद काम करतं, महिने लागतात, पण ते वरच्या मातीत थोडं मिसळलं. तातडीसाठी चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह. त्यातही ईडीटीए आणि ईडीडीएचए असे प्रकार मिळतात. सामू साडेसहाच्या वर गेला की ईडीटीए लोहाला धरून ठेवू शकत नाही, ईडीडीएचए त्याच्याही वर टिकतं. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचून घ्यावं. पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्याने, पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वेळा दिलं. आणि झाडाला पाणी पावसाचं, साठवलेलं.

परिणाम

पिवळी झालेली पानं शेवटपर्यंत पिवळीच राहिली. सप्टेंबरनंतरची पालवी हिरवी आली. चौथी फांदी गेली ती गेलीच, बुडाशी कापली. झाड त्यामुळे एका बाजूला बोडकं दिसतं. थंडीत वाढ थांबली, आणि काकूंना पुन्हा धास्ती. फेब्रुवारीअखेर नवे कोंब सुटले तेव्हा शेणखताचा पहिला हप्ता दिला, दोन ओंजळी, त्याहून जास्त नाही. मे महिन्यात पहिली तीन फुलं. पुढच्या पावसाळ्यात सर्वाधिक एका दिवसाला सात. पूर्वीच्या दहा-बारावर अजून आलेलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

थांबण्याचा निर्णय मी तसाच घेईन. १६ इंची कुंडीचाही.

गोळ्याला आधी निवांत भिजवीन. आदल्या दिवशी वरून पाणी घालून भागत नाही. ठासलेला गोळा बादलीत बुडवून, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवायला हवा होता. नव्या मिश्रणात जुन्या कुंडीतली माती थोडी मिसळली असती, तर दोन्हींच्या पोतात एवढा फरक पडला नसता. पण जुन्या मातीचा सामू बघता याबद्दल माझं अजून नक्की ठरत नाही.

बोट घालून निकाल द्यायचा नाही. मरगळलेलं पान तहानेचंही असतं आणि कुजलेल्या मुळांचंही, दिसायला सारखंच. काडी दोन ठिकाणी खुपसायला एक मिनिट लागतं. ते वाचवायच्या नादात चार दिवस गेले, आणि माझ्या हिशेबाने ती फांदी त्या चार दिवसांतच गेली. काकू "तरी मला वाटत होतं, पाणी हवंय त्याला" असं दोनदा म्हणाल्या होत्या. मी ते कानाआड केलं होतं.

आणि मुळं हाताळताना बोटं लावायची नाहीत. कापायचं ते धारदार कात्रीने कापावं, नाहीतर हात लावू नये.

कुंडी पुन्हा बदलायची वेळ अजून दोन-तीन वर्षांनी येईल. काकूंनी मध्यंतरी २४ इंची ड्रमचा विषय परत काढला होता. तो आता पन्हळीखाली ठेवलेला आहे, पावसाचं पाणी त्यातच साठवतात. वर जाळी बांधली आहे, डासांसाठी.